पोस्टमास्तरांची चाळणी

साडू हा नात्यांमधला एक अजब प्रकार आहे. त्याच्याशी आपलं रक्ताचं नातं नसतं, वैर नसतं, देणंघेणंही नसतं. तरी त्याने नवा पंखा घेतला की आपल्याला उकडायला लागतं. पुढे ज्यांना सगळी इमारत पोस्टमास्तर म्हणू लागली, त्या गृहस्थांच्या बाबतीत पंख्याचा प्रश्न नव्हता. साडूने नवीन कार्डं छापून घेतली होती, एवढंच.

रविवारचा चहा साडूच्या घरी होता. त्याने कार्ड पुढे केलं. त्यावर मेलचा पत्ता होता, आणि त्या पत्त्यात त्याचं स्वतःचं आडनाव होतं.

"दादा, फुकटचा मेल म्हणजे धर्मशाळा," साडू बिस्किट बुडवत म्हणाला. "कोण येतंय, कोण आपलं गाठोडं उघडून बघतंय, काही पत्ता नाही. स्वतःचा पत्ता म्हणजे स्वतःचं घर. ताईंचा एवढा चांगला व्यवसाय, आणि बिऱ्हाड मात्र धर्मशाळेत!"

ताई म्हणजे पोस्टमास्तरांच्या पत्नी. त्या आहारतज्ज्ञ आहेत. घराची बंद केलेली गॅलरी हा त्यांचा दवाखाना. त्यात एक वजनकाटा, दोन खुर्च्या आणि एक कॉम्प्युटर. पेशंट काय खाल्लं ते मेलने कळवतात, आणि काय खायला हवं होतं ते बाई मेलने कळवतात. परतताना बाई एवढंच म्हणाल्या, "कार्डावर बरं दिसतं हो."

बायको एखादी वस्तू मागते तेव्हा नाही म्हणता येतं. ती नुसतं 'बरं दिसतं हो' म्हणते तेव्हा माणसाची सुटका नसते.

साडू कुठल्याशा कंपनीला दरवर्षी पैसे भरून तो पत्ता चालवत होता. पोस्टमास्तरांनी ठरवलं, भाड्याचं घर ते भाड्याचंच. आपण आपला सर्व्हर घरात चालवायचा. ते पाणीपुरवठा खात्यात अभियंता. अख्ख्या शहराचं पाणी या टाकीतून त्या नळापर्यंत नेणाऱ्या माणसाला चार मेल इकडून तिकडे नेणं काय जड? शेवटी पाइपच तो. एका टोकाला आत, दुसऱ्या टोकाला बाहेर, मध्ये एक झडप. हा विचार त्यांनी मोठ्याने बोलून दाखवला तेव्हा कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, "बाबा, आपल्याच घरात पाणी दिवसातून दोन तास येतं." पोस्टमास्तरांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मुलं शिकली की असं होतं.

सर्व्हर म्हणून लेकीचा जुना कॉम्प्युटर चपलांच्या कपाटात बसवला, कारण वायर तिथपर्यंतच पोचत होती. कपाटाच्या दाराला भोकं पाडली. तेव्हापासून त्या घरातल्या सर्वांच्या चपला सकाळी गरम असत. लेकीने तक्रार केली, बाईंनी केली नाही. त्यांचे पाय थंड पडतात.

इथवर सगळं सुरळीत झालं. मग कळलं, की घरगुती इंटरनेटच्या जोडणीवर बाहेर डाक पाठवण्याचा दरवाजा कंपनीने बंद ठेवलेला असतो, आणि तो उघडायला त्यांच्या कार्यालयात जावं लागतं. काउंटरवरच्या माणसाने चष्म्यावरून बघितलं.

"घरातून मेल पाठवायचेत?"

"हो."

"कुणाला?"

"ज्यांना पाठवायचेत त्यांना."

"म्हणजे सगळ्यांना?"

"नाही हो, आमच्या मिसेसच्या पेशंटांना."

"हॉस्पिटल आहे का?"

"नाही, गॅलरी आहे."

त्या माणसाने संस्थेच्या नावापुढे 'गॅलरी' असं लिहिलं आणि शिक्का मारला. आता इंटरनेटच्या जगात एक पद्धत आहे. एखाद्या जोडणीच्या नंबरावरून डाक आली की समोरचा सर्व्हर उलट चौकशी करतो, हा नंबर कुणाचा? उत्तर आणि पाकिटावरचं नाव जुळलं तरच डाक आत घेतात. पोस्टमास्तरांच्या नंबराची चौकशी केली की जगाला उत्तर मिळायचं, गॅलरी. ती गॅलरी पुसून तिथे आडनाव यायला चांगला महिना गेला. तीन काउंटर झाले, चौथ्यावर पुन्हा पहिल्याकडे पाठवलं. स्वतः सरकारी खात्यात असल्यामुळे पोस्टमास्तरांना या प्रवासाचं आश्चर्य वाटलं नाही. आपण काउंटरच्या या बाजूला आहोत, एवढंच वाईट वाटलं.

अखेर डाक सुरू झाली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले काका बघायला आले. पोस्टमास्तरांनी त्यांना कपाट उघडून दाखवलं आणि सांगितलं, की नियमाप्रमाणे प्रत्येक मेल सर्व्हरचा एक 'पोस्टमास्तर' असावाच लागतो, आणि इथला तो मी. काका "वा, वा" म्हणत गेले आणि जिना उतरेपर्यंत इमारतभर झालं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानेसुद्धा "पोस्टमास्तर, आज अर्धा की एक?" असं विचारलं. त्यांना ते मनातून आवडलं, पण चेहऱ्यावर त्यांनी येऊ दिलं नाही.

बाईंनी सगळ्या पेशंटांना नवा पत्ता कळवला. चार दिवस बरे गेले.

पाचव्या दिवशी एक वयस्क पेशंटीणबाई समोर बसलेल्या असताना बाईंनी नवा मेल उघडला आणि पडदाभर एक जाहिरात आली. ती पुरुषांच्या कशाची तरी वाढ करून देणारी होती, सचित्र. पेशंटीणबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि विचारलं, "हेही तुमच्याकडे करतात का?"

त्या संध्याकाळी घरात जे बोलणं झालं त्याचा तपशील नको. सारांश असा, की धर्मशाळेत निदान दाराशी रखवालदार होता.

पोस्टमास्तरांनी रखवालदार आणला. म्हणजे चाळणी बसवली. या चाळणीची रीत मोठी गमतीची आहे. आलेल्या प्रत्येक मेलला ती मार्क देते, पण शाळेच्या उलट. संशयास्पद शब्द दिसला, दे एक मार्क. उद्गारचिन्हांची रांग दिसली, दे अर्धा. ज्याला जास्त मार्क, तो नापास. आणि किती मार्कांना नापास करायचं हे आपण ठरवायचं. चाळणी येते तेव्हा पाचावर लावलेली असते. ही झडप पोस्टमास्तरांच्या हातात आली, आणि ज्याने आयुष्यभर झडपा फिरवल्या त्याला ती फिरवल्याशिवाय कसं राहवणार?

शिवाय सल्लागार होतेच. बँकवाले काका म्हणाले, "आमच्या वेळी बँकेत एकच नियम. शंका आली की थांबवा. खरा माणूस पुन्हा येतो, खोटा येत नाही." म्हणून झडप चारावर आली. साडूचा फोन आला, "दादा, आमच्याकडे कंपनीच सगळं बघते, मला एकही फालतू मेल येत नाही." म्हणून झडप तीनावर आली. तरीही रोज एकदोन जाहिराती निसटत. पोस्टमास्तरांनी त्या नीट वाचल्या. बहुतेक सगळ्या एकाच जातीच्या निघाल्या: वजन घटवा, पोट कमी करा, महिन्याभरात फरक बघा. मग त्यांनी स्वतःच्या हाताने चाळणीत शब्द भरले. 'वजन' ला दीड मार्क. 'पोट' ला एक. 'कमी' ला एक. 'किलो' ला दोन.

घरात आहारतज्ज्ञ बायको असलेल्या माणसाने हे शब्द भरले. भरताना त्यांना आपण काहीतरी फार बारकाईचं काम करतो आहोत असं वाटत होतं.

एवढ्यावर थांबते तरी निभावलं असतं. पण पोस्टमास्तरांना वाटलं, नुसतं गुपचूप थोपवणं सभ्यपणाचं नाही. ज्याचा अर्ज नाकारला त्याला तसं लेखी कळवलं पाहिजे. आपल्या खात्यात ही कला त्यांनी कमावलेली होती. जादा नळजोडणीचे कित्येक अर्ज त्यांनी असे परत पाठवले होते की अर्जदाराला तहानच लागू नये. त्यांनी एक उत्तर तयार केलं आणि चाळणीला सांगितलं, नापास झालेल्या प्रत्येकाला हे आपोआप जाऊ दे:

'आपली विनंती या कार्यालयास प्राप्त झाली. तिचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला असून ती फेटाळण्यात येत आहे. या विषयावर पुन्हा पत्रव्यवहार करू नये. – पोस्टमास्तर.'

लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, हे वाचून मलाच काहीतरी परत करावंसं वाटतंय." त्यांनी ती स्तुती समजली.

यानंतर त्यांच्या आयुष्यातला सुखाचा काळ सुरू झाला. सर्व्हरचा लॉग त्यांनी फार चोख ठेवला होता. कुणाकडून आलं, कितीला आलं, किती मार्क मिळाले, आत घेतलं की थोपवलं, प्रत्येकाची एक ओळ. सकाळी चहाबरोबर लोक वर्तमानपत्र वाचतात, पोस्टमास्तर लॉग बघत. म्हणजे खरं सांगायचं तर शेवटची बेरीज बघत.

"काल दोनशे चौऱ्याऐंशी थोपवले," ते बायकोला सांगत.

"आणि माझे?"

"तुझे दोन आले. एक विजेचं बिल."

बाई चहाच्या कपात बघत राहत. एरवी त्यांना रोज पंधरा-वीस मेल यायचे. आता दिवसचे दिवस कोणी काही विचारत नव्हतं. येणारे पेशंटही कमी झाले. चौकातल्या व्यायामशाळेत एक तरुण आहारवाली नुकतीच बसायला लागली होती. तिच्या फळ्यावर 'मोफत सल्ला' असं लिहिलेलं बाईंनी जाता-येता वाचलं होतं. त्या वजनकाटा दोनदोनदा पुसू लागल्या, आणि फोन वाजला की दचकून उठू लागल्या.

"जजसाहेबसुद्धा गप्प झाले," एकदा त्या म्हणाल्या. "सात दिवस फक्त सूप दिलं होतं, मग कळवा म्हटलं होतं. शब्दाचा इतका पक्का माणूस, पण साधं कळवलं नाही. गेले असतील तिच्याकडे."

हे जजसाहेब निवृत्त न्यायाधीश. एकटे राहत. कानाने फार कमी ऐकू येई, म्हणून फोन उचलत नसत. आणि आयुष्यभराच्या सवयीने तोंडी गोष्टीवर त्यांचा विश्वासही नसे. जे असेल ते लेखी.

"तू फार मनाला लावून घेतेस," पोस्टमास्तर म्हणाले. "शांत आहेत म्हणजे तब्येती सुधारल्या असतील."

पण रात्री अंथरुणावर पडले की ते हिशेब करू लागत. बायकोचा धंदा बसत चालला होता आणि आपण नेमका आत्ताच तिला नवीन पत्ता करून दिला, या दोन गोष्टी शेजारी शेजारी येऊन उभ्या राहत. पोस्टमास्तर कूस बदलून त्यांना वेगळं करत.

शेवटी बाईंना किराण्याच्या दुकानात ती वयस्क पेशंटीणबाई भेटली. बाई तिच्याकडे बघून हसल्या. ती हसली नाही.

"मॅडम, माझं काही चुकलं का?" ती म्हणाली.

"का हो?"

"नाही, पथ्य मोडलं असेल माझ्या हातून. पण अर्धा किलो वजन उतरलंय, वाढदिवसाला केकचा एक तुकडा खाऊ का, एवढंच विचारलं होतं. त्यावर इतकं कडक पत्र? कार्यालयास काय, फेटाळण्यात काय, पत्रव्यवहार करू नये काय! मी दोन दिवस रडले."

बाई पिशवी तिथेच ठेवून घरी आल्या. त्या घरात शिरल्या तेव्हा पोस्टमास्तर कपाटासमोर बसून झडप अडीचवर आणावी का याचा विचार करत होते.

"अहो," बाई म्हणाल्या, "फेटाळण्यात येत आहे, हे तुमचं वाक्य आहे ना?"

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला बायकोच्या आवाजावरून पुढचं कळतं. पोस्टमास्तरांनी मुकाट्याने लॉग उघडला. या खेपेस बेरीज सोडून ओळी वाचल्या. थोपवले. थोपवले. थोपवले. प्रत्येक ओळीत ओळखीचं नाव होतं. जे जे पेशंट गप्प होते असं वाटत होतं, ते सगळे कपाटात कोंडून पडले होते. 'मॅडम, दोन किलो वजन उतरलं', साडेतीन मार्क, नापास. 'पोट अजून कमी होत नाही, वजनही नाही', साडेतीन मार्क, नापास. लॉगने काहीही लपवलं नव्हतं. लॉग बिचारा रोज सकाळी सांगत होता.

"जजसाहेब?" बाईंनी मागे उभं राहून विचारलं.

जजसाहेबांच्या मेलला सर्वांत जास्त मार्क पडले होते. त्यांचा विषयच होता: 'सात दिवसांत चार किलो वजन कमी'. असं जगातल्या कुठल्याही चाळणीतून सुटलं नसतं. आत लिहिलं होतं, 'आपल्या आदेशानुसार सात दिवस केवळ सूप घेतले. आता नेहमीचे जेवण सुरू करण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.'

त्याखाली लॉगची ओळ होती: उत्तर पाठवले.

"कुठलं उत्तर?" बाईंनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. त्या खुर्चीवर बसल्या. त्यानंतर त्याच विषयाखाली जजसाहेबांचा आणखी एक मेल होता, तोही थोपवलेला; त्याला मात्र उत्तर गेलेलं नव्हतं. 'आपण विनंती फेटाळल्याचे समजले. सदर निर्णयाविरुद्ध हे अपील दाखल करीत आहे. अपील प्रलंबित असेपर्यंत मूळ आदेशाचे पालन सुरू राहील.'

कपाटातला पंखा घरघरत होता.

"अहो," बाई कुजबुजल्या, "ते अजून सूपच पीत असतील."

त्यांनी लिहिलं, 'ताबडतोब सूप थांबवा, हलकं जेवण घ्या, मी येते,' आणि पाठवलं. गेलं नाही. पुन्हा पाठवलं. लॉगमध्ये ओळ आली: समोरच्याने घेण्यास नकार दिला, आपण काळ्या यादीत आहात.

"कोण काळ्या यादीत?" पोस्टमास्तर ओरडले. "मी? मी तर रोज दोनशे चोर पकडतोय!"

गलका ऐकून लेक आली. तिने उभ्या उभ्या वाचलं आणि कपाळावर हात मारला. "बाबा, चोर कधी स्वतःच्या पत्त्यावरून लिहितो का? तो कुणातरी भलत्याच माणसाचा पत्ता मागे टाकतो. तुम्ही त्या भलत्या माणसांना पत्रं पाठवत होतात. रोज दोनशे जणांना. ज्यांनी तुमच्याकडे काहीच मागितलं नव्हतं, त्यांना तुमची विनंती फेटाळली म्हणून."

"मग?"

"मग त्यांनी तक्रार केली. आता जगाच्या लेखी स्पॅम पाठवणारे तुम्ही आहात."

पोस्टमास्तरांच्या नोकरीत एकदा चुकून त्यांच्यावर गळतीचा ठपका आला होता, त्या दिवशीसुद्धा त्यांचं तोंड इतकं उतरलं नव्हतं. पण दुःख करायला सवड नव्हती. जजसाहेबांचा फोन वाजून वाजून बंद झाला. लेकीने स्वतःच्या फुकटच्या पत्त्यावरून मेल टाकला, पण तो ते कधी वाचणार? बाईंनी रक्तदाबाचं यंत्र, साखर, मीठ आणि पाव पिशवीत भरले. पोस्टमास्तरांनी स्कूटर काढली. चप्पल गरम होती. ती घालताना त्यांना अंगावर काटा आल्यासारखं झालं.

रस्ताभर पोस्टमास्तरांच्या डोक्यात अख्खा खटला उभा राहिला. आरोपी हजर आहे? आहे. सूप कुणाच्या आदेशाने चालू राहिलं? माझ्या. तुम्ही डॉक्टर आहात? नाही, पाणीपुरवठा. आणि गंमत म्हणजे मयतही न्यायाधीश! 'मयत' हा शब्द मनात येताच त्यांनी इतक्या जोरात ब्रेक दाबला, की मागचा सायकलवाला त्यांच्या सात पिढ्यांची आठवण काढत पुढे गेला.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. खड्डा होता."

जजसाहेबांचं घर बैठं, पुढे लहानशी बाग. फाटक उघडं होतं, दार आतून बंद. घंटी वाजवली. दार ठोठावलं. पोस्टमास्तरांनी हाका मारल्या, पण बहिऱ्या माणसाला हाका मारण्यात काही अर्थ नाही हे त्यांना पाचव्या हाकेला आठवलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "त्यांची स्वयंपाकीण रजेवर गेलीय. रोज सकाळी फिरायला जायचे, पण चारपाच दिवसांत दिसले नाहीत बघा."

पोस्टमास्तरांना काय करावं सुचेना, आणि काय करावं सुचत नसलं की माणूस सवयीचं काम करतो. फाटकाजवळ पाण्याचा मीटर होता. ते गुडघ्यावर बसले, रुमालाने काच पुसली आणि आतला काटा बघू लागले. काटा स्तब्ध होता.

"अहो, हे काय करताय?" बाईंचा आवाज रडवेला झाला होता.

"थांब. बोलू नकोस."

काटा हलला नाही. आयुष्यात हजारो मीटर त्यांनी बघितले होते, पण काट्याने हलावं म्हणून कधी मनातल्या मनात हात जोडले नव्हते. त्यांच्या धंद्यात काटा हलला की भांडणंच होतात. आणि मग काटा सरकला. थांबला. पुन्हा सरकला, या वेळी सलग.

"पाणी चालू आहे!" ते ओरडले. "कुणीतरी नळ सोडलाय. गळती नाही ही, हाताने सोडलाय. थांबला बघ. साधारण दीड-दोन लिटर. पातेलं भरलं."

"सूप!" बाई किंचाळल्या, आणि घराला वळसा घालून मागच्या दाराकडे धावल्या.

मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. जजसाहेब शेगडीपाशी उभे होते. उंच माणूस, पण कपडे दुसऱ्या कुणाचे घातल्यासारखे लोंबत होते. एका हाताने ते ओटा धरून होते. पाहुणे बघून त्यांनी दुसऱ्या हाताने यंत्र कानात नीट बसवलं.

"अपिलाची सुनावणी आजच आहे काय?" त्यांनी विचारलं. आवाज क्षीण होता, पण शब्द एकेक स्पष्ट.

बाईंनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं. रक्तदाब बराच खाली होता. साखर-मिठाचं पाणी दिलं. पावाचा तुकडा दुधात भिजवून हळूहळू भरवला. पोस्टमास्तर धावत जाऊन गल्लीतल्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी तपासलं, अशक्तपणा आहे, धोका टळला, चार दिवस थोडं थोडं खायला द्या म्हणाले, आणि कुणी हा वेडेपणा सुचवला असं विचारलं.

पोस्टमास्तर पुढे झाले.

"साहेब, यात हिचा काही दोष नाही. तो फेटाळण्याचा आदेश माझा होता. म्हणजे माझ्या यंत्राचा. पण शब्द माझे."

जजसाहेबांनी घास पूर्ण चावला.

"सही आपली होती?"

"हो."

"असा आदेश काढण्याचा आपल्याला अधिकार होता?"

"नव्हता, साहेब."

"मसुदा चांगला आहे," जजसाहेब म्हणाले. "कारणं दिलेली नाहीत, ही मोठी त्रुटी. मी अपिलात तोच मुद्दा घेतला होता. परंतु अधिकारच नव्हता म्हणता, तर आदेश मुळातच रद्दबातल." त्यांनी शेगडीवरच्या पातेल्याकडे पाहिलं, आणि आतापर्यंत ताठ असलेला त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "म्हणजे मी हे भोपळ्याचं पाणी इतके दिवस विनाकारण प्यायलो?"

"हो, साहेब."

"ओतून टाका. माझ्यादेखत."

पोस्टमास्तरांनी इतक्या मनोभावे आयुष्यात काही ओतलं नव्हतं.

घरी परतताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा बाई म्हणाल्या, "धाकटीच्या मिस्टरांना फोन करा. त्यांच्या त्या कंपनीचा नंबर घ्या." पोस्टमास्तरांनी हो म्हटलं. सिग्नल सुटला तरी त्यांना कळलं नाही, मागचे भोंगे वाजवू लागले. थोड्या वेळाने पाठीवर बाईंचं कपाळ टेकलं. त्या रडत होत्या की हसत होत्या हे त्यांना स्वतःच्या हेल्मेटमुळे कळायला मार्ग नव्हता.

साडू स्वतः आला. एका तासात त्याने सगळं आपल्या कंपनीकडे हलवलं. एक अक्षर टोचून बोलला नाही. पोस्टमास्तरांना ते सर्वांत जास्त टोचलं. कपाट थंड झालं. बँकवाले काका येऊन म्हणाले, "मी म्हटलंच होतं, जास्त संशय बरा नाही." बाईंनी एकेका पेशंटला फोन करून माफी मागितली. काही परत आले, काही चौकातल्या आहारवालीकडेच राहिले. पोस्टमास्तर रोज ऑफिसातून येताना जजसाहेबांकडे वाकडी वाट करून जात, आज काय जेवलात विचारत आणि घरी येऊन बायकोला सांगत. न सांगता त्यांना झोप लागत नसे. जजसाहेब हळूहळू ताजेतवाने झाले. सकाळी पुन्हा फिरायला जाऊ लागले, बरेच सडपातळ होऊन, आणि भेटेल त्याला सांगू लागले.

काय सांगू लागले हे बाईंना त्या केकवाल्या पेशंटीणबाईंनी येऊन सांगितलं. त्या काट्यावर उभ्या राहिल्या. तीन किलो उतरलं होतं.

"मॅडम, रागावू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही फार गोड बोलता. 'शक्यतो टाळा' म्हणता. शक्यतो म्हटलं की मी खाते. पण ते पत्र आल्यापासून केक समोर आला की फेटाळण्यात येत आहे, असं कानात वाजतं. जजसाहेबही तेच सांगत फिरतात, की त्या पत्रानेच वजन उतरलं. मला अजून एक पत्र मिळेल का? दिवाणखान्यात लावायला."

"ते पत्र चुकून गेलं होतं," बाई कळकळीने म्हणाल्या. "एका माणसाचा जीव जाता जाता राहिला त्यामुळे."

"ते ठीक आहे," पेशंटीणबाई काट्यावरून उतरत म्हणाल्या, "पण चॉकलेटसाठी वेगळं, आइस्क्रीमसाठी वेगळं मिळालं तर बरं."

त्या आठवड्यात असे आणखी चौघे आले.

बाईंनी दोन दिवस स्वतःच कडक उत्तरं लिहून बघितली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोस्टमास्तर बूट काढत असताना गॅलरीतून हाक आली, "अहो, जरा इकडे येता का? एकाला मेहुणीच्या लग्नात दोन वेळा जेवायचंय. मी तीनदा लिहून बघितलं, माझं उत्तर परवानगीसारखंच वाचतं."

पोस्टमास्तर एका पायात बूट तसाच ठेवून आत गेले. खुर्चीवर बसले. आधी मेल कुणाचा आहे ते वाचलं, मग वय विचारलं, साखर किती विचारलं, काल काय जेवला, घरी कोण असतं, फोन उचलतो का, ऐकू येतं का, सगळं विचारलं.

"अहो, लिहा ना," बाई म्हणाल्या.

पोस्टमास्तरांनी घाम पुसला आणि लिहिलं. या खेपेस कारणं दिली.